सेमाग्लुटाइडचा आठवड्याचा हिशेब

जेवण सुरू झालं की काही मिनिटांतच आतड्याच्या अस्तरातल्या पेशी जीएलपी-१ नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं, साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवर बसतो, जठर रिकामं होण्याचा वेग मंदावतो आणि पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचते. इतकी कामं करणारं हे संप्रेरक रक्तात टिकतं मात्र जेमतेम दोन मिनिटं, कारण डीपीपी-४ नावाचं विकर (एन्झाइम) लगेच त्याचे तुकडे करतं. टाइप २ मधुमेहावर आणि वजन उतरवण्यासाठी दिलं जाणारं सेमाग्लुटाइड त्याच संप्रेरकाची ९४ टक्के मिळतीजुळती नक्कल आहे आणि ते शरीरात निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. या औषधाचे सगळे फायदे आणि जवळपास सगळी दुखणी या सात दिवसांतून निघतात, असं माझं मत आहे. मात्रा हळूहळू का वाढवायची, मळमळ कधी होते, डोस चुकला तर काय करायचं, शस्त्रक्रियेआधी आणि गर्भधारणेआधी काय सांभाळायचं, हे सारे प्रश्न एका हिशेबाने सुटतात. तो हिशेब न समजल्यामुळे माणसं विनाकारण त्रास सोसतात किंवा चांगलं औषध अर्ध्यावर सोडून देतात.

दोन मिनिटांवरून सात दिवसांपर्यंत जायला तीस-चाळीस वर्षं लागली. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत संशोधक जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ सापडलं. ते जीएलपी-१ सारखंच काम करायचं आणि लवकर तुटायचं नाही. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड अमेरिकेत २००५ मध्ये मान्य झालं. ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढे लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या चमूने मूळ रेणूला एक स्निग्धाम्लाची शेपटी जोडली. ती शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटते, आणि अल्ब्युमिनला चिकटलेला रेणू मूत्रपिंडातून सहज गाळला जात नाही. असं बनलेलं लिराग्लुटाइड दिवसातून एकदा पुरतं. सेमाग्लुटाइडमध्ये शेपटी आणखी लांब, १८ कार्बनची आहे. शिवाय डीपीपी-४ जिथे चावा घेतं, तिथलं आठव्या क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं आहे. त्यामुळे आठवड्यातून एक टोचणी पुरते. जीएलपी-१ वरच्या कामासाठी क्नुडसेन यांच्यासह स्वेतलाना मोइसोव आणि जोएल हेबनर यांना २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मोइसोव यांचं नाव फार वर्षं मागे राहिलं होतं, म्हणून ते इथे आवर्जून घेतो.

अमेरिकेत ओझेम्पिक या नावाने टाइप २ मधुमेहासाठी डिसेंबर २०१७ मध्ये, रायबेल्सस ही गोळी सप्टेंबर २०१९ मध्ये आणि वजनासाठी वेगोव्ही जून २०२१ मध्ये मान्य झालं. तिन्हींत औषध एकच. फरक आहे तो मात्रेचा, घेण्याच्या मार्गाचा आणि मान्य उपयोगाचा. दोन नावांची दोन वेगळी औषधं समजून एकावेळी दोन्ही घेणं म्हणजे सरळ दुप्पट मात्रा घेणं. लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड या याच जातीच्या औषधांबरोबरही सेमाग्लुटाइड घ्यायचं नसतं. सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गोळ्या डीपीपी-४ ला रोखून शरीरातलंच जीएलपी-१ वाचवतात. तेच काम इथे कितीतरी जोराने होत असल्यामुळे त्या गोळ्या चालू ठेवण्यात काही राम उरत नाही. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, तर ‘औषध कमी केलं’ म्हणून घाबरू नये.

आता हिशेब. समजा, आज ०.२५ मिलिग्रॅम टोचलं. आठवड्याने त्यातलं निम्मं शिल्लक असतं आणि त्यावर नवीन ०.२५ पडतं. तिसऱ्या आठवड्यात उरलेल्याच्या निम्म्यावर आणखी एक. असं करत चौथ्या-पाचव्या टोचणीपर्यंत शरीरातली पातळी पहिल्या टोचणीच्या जवळपास दुप्पट होते आणि तिथे स्थिरावते. म्हणजे टोचणीच्या पेनवरचा मात्रेचा आकडा महिनाभर तोच असला, तरी शरीरातलं औषध त्या महिन्यात दुपटीने वाढलेलं असतं. ‘दोन आठवडे झाले, काहीच जाणवत नाही, मात्रा वाढवा’ या आग्रहाला याहून चांगलं उत्तर नाही. दोन आठवड्यांत त्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसूच शकत नाही. तसंही ०.२५ ही उपचाराची मात्रा नाहीच. ती पोट आणि मेंदू यांना सवय लावण्यासाठी आहे.

मधुमेहासाठी ४ आठवडे ०.२५, मग ०.५, आणि साखर पुरेशी आटोक्यात आली नाही तर किमान ४ आठवड्यांच्या अंतराने १ आणि पुढे २ मिलिग्रॅमपर्यंत जातात. वजनासाठी पायऱ्या ०.२५, ०.५, १, १.७ आणि २.४ अशा असतात. प्रत्येक पायरीवर ४ आठवडे, म्हणजे शेवटच्या पायरीवर पाय ठेवायलाच १६ आठवडे जातात. ही वेळापत्रकं कमाल वेग सांगतात. एखाद्या पायरीवर त्रास होत असेल तर तिथेच आणखी महिनाभर थांबता येतं, एक पायरी खालीही येता येतं. ०.५ किंवा १ वर भूक नीट आटोक्यात असेल आणि वजन किंवा साखर उतरत असेल, तर केवळ तक्त्यात पुढचा आकडा आहे म्हणून वर जाण्याचं कारण मला दिसत नाही. सर्वांत मोठी मात्रा गाठणं हे उपचाराचं ध्येय नव्हे.

मळमळीचा मुक्काम मुख्यतः मेंदूत असतो. मेंदूच्या बुंध्याशी असलेला, उलटीशी संबंधित एक छोटा भाग रक्तातल्या रसायनांकडे उघडा असतो आणि तिथे जीएलपी-१ ला प्रतिसाद देणारे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. जठर मंदावल्याने त्यात भर पडते. २.४ मिलिग्रॅमच्या स्टेप-१ या चाचणीत सुमारे ४४ टक्के लोकांना कधी ना कधी मळमळ झाली, साधारण एक तृतीयांशांना जुलाब, आणि जवळपास चौथ्या भागाला उलट्या किंवा बद्धकोष्ठता. पण पोटाच्या त्रासामुळे औषध सोडणारे ४.५ टक्केच होते. त्रास बहुतेक वेळा मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत होतो आणि ओसरतो. उपाय साधे आहेत आणि मनापासून पाळले तर उपयोगी पडतात. ताटातलं प्रमाण नेहमीच्या अर्ध्यावर आणायचं आणि सावकाश जेवायचं. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबायचं, कारण त्यापुढचे चार घास तासाभराने उलटून येतात. स्निग्ध पदार्थ आधीच हळू पचतात, त्यात जठरही मंदावलेलं. म्हणून टोचणीनंतरचे दोन-तीन दिवस तेलकट-तुपकट टाळावं. जेवून लगेच आडवं होऊ नये. बद्धकोष्ठतेकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण मळमळीसारखी ती ओरडत नाही. खाणंच कमी झाल्याने चोथा आणि पाणी दोन्ही कमी जातात, म्हणून पाणी ठरवून प्यावं लागतं. भुकेबरोबर तहानही मंदावते, अशी तक्रार बरेच जण करतात.

ज्यावर घरी बसून राहायचं नाही, अशा गोष्टी वेगळ्या. पोटाच्या वरच्या भागात जोराचं, थांबता न थांबणारं, पाठीकडे जाणारं दुखणं, उलटी असो वा नसो, हे स्वादुपिंडाच्या दाहाचं लक्षण असू शकतं. पुढची टोचणी न घेता लगेच रुग्णालय गाठायचं. उजव्या बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे होणं हे पित्ताशयाकडे बोट दाखवतं. वजन झपाट्याने उतरलं की पित्तखडे होण्याची शक्यता कोणत्याही मार्गाने वाढते, या औषधाने तीत थोडी भरच पडते. उलट्या-जुलाब दिवसभर चालू राहिले आणि लघवी कमी झाली तर मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. एका डोळ्याची नजर अचानक कमी होणं फार दुर्मीळ आहे, पण युरोपीय औषध संस्थेने जून २०२५ मध्ये दृष्टिमज्जेच्या (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या) या इजेची नोंद अतिशय विरळ दुष्परिणाम म्हणून केली आहे. प्रमाण दहा हजारांत एकापर्यंत. असं झालं तर उद्यावर ढकलू नये.

डोळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट मधुमेहींना आधीच सांगायला हवी आणि ती फारदा सांगितली जात नाही. सस्टेन-६ या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २६ टक्क्यांनी कमी झालं. पण नेत्रपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, मधुमेही विकारातली गुंतागुंत वाढली, ३ टक्के विरुद्ध १.८ टक्के. ती मुख्यतः ज्यांचं नेत्रपटल आधीच बिघडलेलं होतं आणि ज्यांची साखर फार वेगाने खाली आली, त्यांच्यात दिसली. अनेक वर्षं चढी राहिलेली साखर चार महिन्यांत कोसळली की डोळे काही काळ बिघडू शकतात, हे इन्सुलिनच्या बाबतीतही जुनं ज्ञान आहे. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) खूप वर असेल तर औषध सुरू करण्याआधी बाहुल्या विस्फारून डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्यावा, आणि विकार असेल तर सावकाश जावं.

एकट्या सेमाग्लुटाइडने साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा घसरत नाही, कारण ते इन्सुलिन सोडवतं तेच मुळी रक्तात साखर वाढलेली असताना. धोका सोबतीच्या औषधांमुळे येतो. ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन साखर किती आहे हे न पाहता काम करतात, आणि माणूस तर आता निम्मंच जेवतो आहे. त्यामुळे सेमाग्लुटाइड सुरू करतानाच या औषधांच्या मात्रा कमी करण्याचं डॉक्टरांशी ठरवून घ्यावं आणि पहिले काही आठवडे घरी साखर जास्त वेळा मोजावी. ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. जठर मंद असल्यामुळे तोंडाने घेतलेली साखर रक्तात पोहोचायला थोडा उशीर होऊ शकतो, तेव्हा पदार्थ खाण्यापेक्षा ग्लुकोजचं पाणी बरं. उलट्या टोकाची चूकही घडते. नवं औषध मिळालं म्हणून कुणी इन्सुलिन एकदम बंद करतं. ज्याच्या स्वादुपिंडात इन्सुलिन फारसं उरलेलंच नाही त्याच्यासाठी हे जिवावर बेतू शकतं. सेमाग्लुटाइड इन्सुलिनची जागा घेत नाही, आणि टाइप १ मधुमेहासाठी ते मान्यही नाही.

पेन वापरताना होणाऱ्या चुका छोट्या असतात, पण त्यांनी औषध वाया जातं. द्रावण स्वच्छ आणि रंगहीन असलं पाहिजे. दरवेळी नवी सुई लावायची. नवीन पेनवर पहिल्यांदा प्रवाह तपासायचा, टोकावर थेंब दिसला की मगच मात्रा फिरवून लावायची. पोट, मांडी किंवा दंड, कुठेही चालतं, फक्त जागा बदलत राहायची. बटण पूर्ण दाबून आकडा शून्यावर आला की सुई आतच ठेवून सावकाश सहा मोजायचे. ती काढण्याची घाई केली तर त्वचेवर थेंब ओघळतो, तो मात्रेतलाच असतो. टोचून झालं की सुई काढून टाकायची. ती लावूनच पेन ठेवलं तर औषध गळतं, आत हवा शिरते आणि पुढची मात्रा चुकते. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नव्हे. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, तरी ते फेकून द्यावं. वापरात असलेलं ओझेम्पिक पेन ३० अंशांच्या आत, अमेरिकी सूचनांनुसार ५६ दिवस आणि युरोपीय सूचनांनुसार ६ आठवडे चालतं. इतर कंपन्यांच्या पेनांची मुदत वेगळी असू शकते, खोक्यावरची पाहावी.

कुपीतून सिरिंजने काढायच्या औषधाबद्दल मला मनापासून काळजी वाटते. पेनवर मिलिग्रॅम असतात, इन्सुलिनच्या सिरिंजवर युनिट, आणि कुपीवर एका मिलिलिटरला किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. हे तीन आकडे एकमेकांत गुंतले की पाच-दहापट मात्रा जाते. अमेरिकी औषध प्रशासनाने २०२४ मध्ये अशाच चुकांबद्दल इशारा दिला होता, काहींना रुग्णालयात दाखल करावं लागलं. आणि इथे सात दिवसांचा हिशेब निर्दयी आहे. जास्त गेलेलं औषध परत काढता येत नाही, त्यावर उतारा नाही. उलट्या आणि पाण्याची कमतरता सांभाळत दिवस काढावे लागतात.

डोस चुकला तर मधुमेहाच्या पेनासाठी नियम असा: ठरलेल्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं, नाहीतर तो सोडून पुढच्या ठरलेल्या दिवशी घ्यायचं. दोन टोचण्या जवळजवळ घेऊन भरपाई करायची नाही. टोचण्याचा वार बदलायचा असेल तर दोन मात्रांमध्ये किमान ४८ तासांचं अंतर हवं. वरच्या मात्रेवर असताना दोन-तीन आठवडे खंड पडला तर पातळी चौथ्या-आठव्या भागावर आलेली असते आणि पोटाची सवय मोडलेली असते. थेट २.४ वर परतणाऱ्याला पहिल्या दिवशीच कळतं की काहीतरी चुकलं. अशा वेळी खालच्या पायरीवरून चढणं शहाणपणाचं. टंचाईमुळे किंवा प्रवासामुळे खंड पडणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी असते.

गोळीचं शास्त्र वेगळं आणि शिस्त जास्त कडक. सेमाग्लुटाइड प्रथिनासारखंच असल्याने पोटात पचून जातं. गोळीतला सॅल्काप्रोझेट सोडियम हा घटक जठराच्या भिंतीला टेकून तिथल्यापुरती आम्लता कमी करतो आणि तेवढ्या जागेतून औषध आत शिरतं. तरीही १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी आत जातं. रोज १४ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला ९८ मिलिग्रॅम गिळूनही रक्तात जेमतेम १ मिलिग्रॅम पोहोचतं. हे समजलं की सूचनांचा जाच वाटत नाही: उठल्यावर रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची, आणि नंतर किमान ३० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, दुसरी औषधंही नाहीत. पेलाभर पाणी प्यायलं की गोळीभोवतीचं ते छोटं वातावरण विरघळून जातं. थायरॉइडची थायरॉक्सिन गोळीही रिकाम्या पोटी घ्यायची असते, त्यामुळे सकाळी दोघींची गाठ पडते. सोबत घेतल्यास थायरॉक्सिनचं शोषण वाढतं, म्हणून वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करत राहावी. गोळी ३, ७, १४ अशी वाढते. नव्या घडणीच्या गोळ्यांत त्याच पायऱ्या १.५, ४ आणि ९ आहेत. जुन्यातला ७ आणि नव्यातला ४ यांची अदलाबदल आकड्यांच्या बेरजेने करायची नाही.

किती वजन उतरतं? स्टेप-१ मध्ये मधुमेह नसलेल्या १,९६१ लोकांत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के, तर केवळ आहार-व्यायामाच्या सल्ल्यावर असलेल्या गटात २.४ टक्के. मधुमेहींमध्ये हाच आकडा १० टक्क्यांच्या आत राहिला. म्हणून मधुमेही माणसाने शेजाऱ्याशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नये. उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही असतात, आणि हा भाग लहान नसतो. वयस्करांसाठी ते महत्त्वाचं. जिना चढण्याची, खुर्चीतून उठण्याची ताकद त्याच स्नायूंत असते. भूक थोडीच असते तेव्हा ताटातलं प्रथिन आधी खावं आणि आठवड्यातून किमान दोनदा वजन उचलण्याचे किंवा शरीराच्या भाराचे व्यायाम करावेत. या एका बाबतीत सल्ला देणारे फार ढिले असतात, असं मला वाटतं.

वजनापलीकडचे उपयोगही आता भक्कम पुराव्यावर उभे आहेत. सिलेक्ट या २०२३ च्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण हृदयविकार आणि जास्त वजन असलेल्या १७,६०४ लोकांत हृदयाच्या मोठ्या घटना २० टक्क्यांनी घटल्या. फ्लो या २०२४ च्या चाचणीत मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्यांत मूत्रपिंड निकामी होणं, कार्यक्षमता मोठ्या प्रमाणात घटणं आणि मूत्रपिंड वा हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. ज्याला हे आजार आहेत त्याने काट्यावरचा आकडा थांबला म्हणून औषध सोडण्याआधी याचा विचार करावा.

औषध बंद केल्यावर वजन परत येतं, यात लपवण्यासारखं काही नाही. स्टेप-१ नंतर वर्षभर पाठपुरावा केलेल्यांत उतरलेल्याच्या दोन तृतीयांश वजन परत आलं. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब वाढतो, त्याला कुणी इच्छाशक्तीचा अभाव म्हणत नाही. भूक परत येते ती औषधाची पातळी उतरत जाते तशी, पहिल्या महिन्यात हळूहळू. म्हणून बंद करून पंधरा दिवस काहीच फरक न पडल्याचा जो दिलासा मिळतो, तो फसवा असतो. तेव्हा शरीरात पाव भाग औषध अजून आहे. सुरू करण्याआधीच किती वर्षं घेणं परवडेल आणि जमेल, याची चर्चा व्हायला हवी.

स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल, किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक विकार असेल, तर हे औषध घेत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत थायरॉइडच्या सी पेशींच्या गाठी दिसल्या होत्या. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही, पण धोका पत्करायचं कारण नाही. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं, कारण शेवटच्या टोचणीनंतर पाचेक आठवडे औषध शरीरात राहतं. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन अनपेक्षित गर्भ राहू शकतो, हे वर्षानुवर्षं प्रयत्न करून थकलेल्या स्त्रियांना आधी कळलं पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या किंवा एंडोस्कोपीच्या वेळी नेहमीइतकं उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं, आणि गुंगीत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एक आठवडा टोचणी चुकवली तरी निम्मं औषध शिल्लकच असतं. म्हणून फक्त ‘बंद केलं’ असं सांगून भागत नाही. भूलतज्ज्ञांना भेटताना औषधाचं नाव, मात्रा, शेवटच्या टोचणीची तारीख, मात्रा शेवटची कधी वाढवली, आणि सध्या मळमळ, उलटी किंवा पोट फुगल्यासारखं वाटतं का, हे कागदावर लिहून न्यावं. त्यावरून ते आदल्या दिवशी फक्त पातळ आहार द्यायचा, सोनोग्राफीने जठर तपासायचं की तारीख पुढे ढकलायची, हे ठरवू शकतात. वजनाचं औषध आहे, साखरेचं नाही, म्हणून सांगितलं नाही, असं बरेच जण करतात. जठराला तो फरक कळत नाही.